पडदा मोठा कोणासाठी? मोबाइलमधला खेळ टीव्हीवर येतो तेव्हा

मोजपट्टी घेऊन बसले की पहिली गोष्ट कळते ती ही, की टीव्हीवर खेळणाऱ्याला चित्र मोठे दिसतच नाही. साडेसहा इंची मोबाइल आपण डोळ्यांपासून साधारण तीस सेंटिमीटरवर धरतो. साडेसहा इंच म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर. त्याला अंतराने भागले की उत्तर येते ०.५५. आता ४३ इंची टीव्ही घ्या. त्याचा कर्ण १०९ सेंटिमीटर आणि कोच आठ फुटांवर, म्हणजे २४४ सेंटिमीटरवर. भागाकार ०.४५. डोळ्याच्या लेखी भिंतीवरचा टीव्ही हातातल्या मोबाइलपेक्षा लहान ठरतो. त्यातही हल्लीच्या मोबाइलचा पडदा वीसास नऊ प्रमाणात लांबट असतो आणि टीव्हीचा सोळास नऊ. आडव्या धरलेल्या मोबाइलचे चित्र टीव्हीवर टाकले की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि उंचीचा पाचवा हिस्सा वाया जातो. मोबाइल उभा धरून खेळायचा खेळ असेल तर टीव्हीचा जेमतेम चौथा भाग वापरात येतो, बाकी नुसता काळोख.

मग ही खटपट कशासाठी? मी राहतो त्या कळंब्यात हा प्रश्न मी गेली दोन-तीन वर्षे भेटेल त्याला विचारत आलो आहे. गारगोटी रस्त्यावरचे, तलाव आणि मध्यवर्ती कारागृह या दोन खुणांनी ओळखले जाणारे कळंबा आता निम्मे गाव आणि निम्मे उपनगर आहे. जुन्या घरांत सोपा आहे, नव्या फ्लॅटांत हॉल आहे आणि दोन्हीकडे टीव्ही आहे. केबलवाल्यानेच फायबरची तार आणून दिल्यामुळे बहुतेकांकडे वाय-फायही आहे. मुलांचे उत्तर ठरलेले असते, "मोठं दिसतंय की!" वरचे गणित पाहता हे उत्तर खोटे आहे. पण ते देणारी मुले खोटे बोलत नाहीत. मोठे दिसते ते खेळणाऱ्याला नव्हे, शेजारी बसलेल्याला. मोबाइलवर खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहावे लागते. टीव्हीवर पाच जण आरामात पाहतात. म्हणजे टीव्हीने खेळात जी भर घातली ती आकाराची नाही, प्रेक्षकाची आहे. हे एकदा ध्यानात घेतले की या सगळ्या प्रकारातली तांत्रिक कोडी आणि घरगुती भांडणे दोन्ही सुटायला लागतात.

आधी चित्र तिथपर्यंत पोचते कसे ते पाहू. मी अभियंता नाही. हे सारे पुस्तिका वाचून आणि दुकानदारांना त्रास देऊन शिकलो आहे. वाटा दोन, तारेची आणि बिनतारी. बिनतारी वाटेतही दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. मोबाइलवरून यूट्यूबचा व्हिडिओ टीव्हीवर ‘कास्ट’ करता तेव्हा मोबाइल फक्त पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून आणतो. म्हणून मोबाइल खिशात घालून बाहेर गेलात तरी सिनेमा चालू राहतो. खेळाचे तसे नाही. खेळ मोबाइलच्या पोटातच चालू असतो. तिथे मोबाइलला आपल्या पडद्याचे चित्र सेकंदाला तीस-साठ वेळा टिपावे लागते, दाबून लहान करावे लागते, हवेतून पाठवावे लागते. टीव्हीने ते पुन्हा फुलवायचे आणि दाखवायचे. या दुसऱ्या प्रकाराला मिररिंग म्हणतात. २०१२ साली आलेली मिराकास्ट ही पद्धत त्यातली सर्वांत पसरलेली. सॅमसंगच्या मोबाइलवर ती ‘स्मार्ट व्ह्यू’ नावाने सापडते, इतरांकडे आणखी कुठल्या नावाने. तिला इंटरनेट लागत नाही, राऊटरही लागत नाही. मोबाइल आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात.

तारेच्या वाटेत फसगत जास्त. मोबाइलचे चार्जिंगचे भोक ‘टाइप-सी’ झाले आणि सगळ्यांना वाटले की आता एचडीएमआयची तार जोडली की झाले. पण टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचे नाव आहे. आत चित्र पाठवणाऱ्या जोडण्या असतीलच असे नाही. त्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात आणि ती बहुतेक महागड्या मोबाइलमध्येच असते. स्वस्त मोबाइलवरून त्या भोकातून वीज जाते, फोटो जातात, पण चित्र जात नाही. बाजारात मिळणारी साधी तार घेऊन परत करायला आलेली गिऱ्हाइके मी दुकानात पाहिली आहेत. तार चांगली असते, मोबाइलही चांगला असतो. दोघांची गाठ मात्र पडत नाही. वाचकांनी तार घेण्याआधी मोबाइलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधावा, एवढेच.

खेळ थेट टीव्हीतच का घालू नये, असेही कोणी विचारेल. घालता येतो. पण आपल्याकडच्या स्वस्त स्मार्ट टीव्हीचा मेंदू त्याच घरातल्या मोबाइलपेक्षा अशक्त असतो. घरातले सर्वांत ताकदवान यंत्र बहुधा शाळकरी मुलाच्या हातात असते, भिंतीवर नसते.

आता उशिराचा प्रश्न. टिपणे, दाबणे, पाठवणे, फुलवणे या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. तो घरच्या घरी मोजता येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, चित्र टीव्हीवर टाका आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. बिनतारी जोडणीत तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या वरच येतो, तारेने नगण्य. दहावा भाग ऐकायला किरकोळ वाटतो. पण क्रिकेटच्या खेळात ताशी १३० किलोमीटरने येणारा चेंडू सेकंदाला ३६ मीटर जातो. टीव्हीवर तो गोलंदाजाच्या हातून सुटताना दिसतो तेव्हा मोबाइलमध्ये तो साडेतीन मीटर पुढे आलेला असतो आणि खेळपट्टी सगळी वीस मीटरची. टीव्हीकडे पाहून बॅट फिरवणारा त्रिफळाचीत होणारच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो चालू केला की टीव्ही चित्र घासूनपुसून चकचकीत करण्याचे सोडून देतो आणि थोडा वेळ वाचतो. हवेतला उशीर मात्र तसाच राहतो.

इथे माझ्या पिढीला एक आठवण येईल. नव्वदच्या दशकात आपल्या गावांतून जे ‘टीव्ही गेम’ आले, समुराई, लिटल मास्टर वगैरे नावांचे, त्यांत असला उशीर नव्हता. ती निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची वारस किंवा नक्कल यंत्रे होती. पिवळ्या कॅसेटी, मारिओ, कॉन्ट्रा. जुन्या टीव्हीच्या काचनळीत चित्र साठवायची जागाच नव्हती. सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ काढत सुटायचा. त्या यंत्राबरोबर बदके मारायची बंदूक मिळायची. तिची गंमत अशी, की बंदुकीतून काहीच सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड दिसतो का, हे पाहायचा. सगळा कारभार सेकंदाच्या काही साठाव्या भागांत. तीच बंदूक आजच्या पातळ टीव्हीसमोर धरली तर एकही बदक मरत नाही, कारण पांढरा चौकोन उशिरा पोचतो आणि तोवर बंदुकीने आपला डोळा मिटलेला असतो. तंत्रज्ञान पुढे जाताना काय मागे सोडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. (त्या काळी वडीलधारे ‘गेमने पिक्चर ट्यूब जाते’ म्हणून ओरडायचे. ते अगदीच निराधार नव्हते. एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवले की काचेवरच्या लेपावर त्याचा डाग पडू शकत असे.)

उशिरापेक्षाही मोठी अडचण बोटांची आहे. जुन्या यंत्राच्या बटणांना कडा होत्या. अंगठा न पाहता बटण ओळखायचा, म्हणून डोळे टीव्हीवर राहू शकत. मोबाइलच्या काचेला कडा नाहीत. गोळी झाडायचे बटण आणि उडी मारायचे बटण बोटाला सारखेच लागते. ते डोळ्यांनीच शोधावे लागते. मिररिंग करून खेळणारी मुले मी नीट पाहिली आहेत. टीव्ही समोर असतो आणि मान खाली. खेळणारा मोबाइलकडेच पाहतो, टीव्हीकडे इतर पाहतात. ब्लूटूथचा कंट्रोलर जोडून हे टाळता येते, पण पुष्कळ खेळ तो स्वीकारत नाहीत आणि बोटांनी खेळणाऱ्यांच्या स्पर्धेत तो अन्यायाचा मानला जातो.

म्हणून टीव्हीवर खरा खुलतो तो घाई नसलेला खेळ. बुद्धिबळ, प्रश्नमंजूषा, साप-शिडी आणि या सगळ्यांवर लुडो. लुडो किंग हा नवी मुंबईतल्या गेमिशन कंपनीचा, विकाश जयस्वाल यांनी २०१६ मध्ये आणलेला खेळ. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. त्याचे मूळ आपल्याच पचिसीत आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये तिच्या सुटसुटीत रूपाचे लुडो नावाने पेटंट घेतले गेले, मग तो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला आणि शेवटी मोबाइलमध्ये गेला. मोबाइलमध्ये गेल्यावर मात्र पट लहान झाला. चार जणांनी एका पडद्यावर डोकी भिडवून बसायचे, आणि आजीने चष्मा पुसत ‘माझी सोंगटी कुठली रे’ म्हणायचे. तोच पट टीव्हीवर टाकला की पट भिंतीवर जातो आणि मोबाइल हातोहात फिरतो. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल. म्हणजे मोबाइलचा फासा झाला. सारीपाटात कवड्या जशा या हातातून त्या हातात जायच्या तसा तो जातो, आणि सोंगटी मारली की आज्जीसुद्धा ‘खाल्ली बघ’ म्हणून टाळी वाजवते. उशिराचा इथे काही संबंध नाही. दान पडल्याचे सेकंदभर उशिरा दिसले तर उत्सुकताच वाढते.

प्रेक्षकाची ही भूक कोल्हापुराला समजावून सांगायची गरज नाही. १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानात राजर्षी शाहू महाराजांनी आखाडा मधोमध खोलगट ठेवून भोवती चढती बैठक केली, ती शेवटच्या माणसालाही पकड दिसावी म्हणून. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल संघांचा सामना असला की खेळणारे बावीस आणि खेळाविषयी बोलणारे शहर. मोबाइलवरचा खेळ या संस्कृतीत उपराच होता, कारण त्याला बघे नव्हते.

बघे मिळवायचा प्रयत्न मोठ्या प्रमाणावरही झाला. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲपबरोबर बंदी आली. तो २ जुलै २०२१ ला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला आणि २०२२ च्या जून-जुलैत त्याची स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्स २ वाहिनीवर दाखवली गेली. मोबाइलवरचा खेळ टीव्हीवर कबड्डी-क्रिकेटच्या पंगतीला बसला. स्पर्धा संपून पंधरवडा होतो न होतो तोच, २८ जुलैला, हा खेळ पुन्हा ॲपच्या दुकानांतून हटवला गेला. परतला मे २०२३ मध्ये. हे प्रक्षेपण पाहताना मला जाणवले ते असे, की प्रेक्षकाला जे दिसते ते खेळाडूला दिसत नसते. कोण कुठल्या भिंतीआड लपला आहे हे बघ्याला ठाऊक, खेळणारा अंधारात. नाटकात खलनायक पडद्यामागे उभा असतो तसे. घरच्या मिररिंगमध्ये ही मजा नाही. तिथे टीव्ही फक्त खेळाडूचेच डोळे उसने घेतो.

पण नेमक्या याच कारणाने घरात काही बदलते. मिररिंग सगळे दाखवते. खेळाच्या मधोमध व्हॉट्सॲपचा निरोप, बँकेचा ओटीपी, मित्राने पाठवलेली शिवी, सारे हॉलमध्ये जाहीर. (खेळण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे.) मुलांना हे नको असते आणि आईबापांना नेमके हेच हवे असते. एका घरात मुलगा खेळात बंदुकीच्या रंगासाठी पैसे मोजत होता हे आईला कळले ते टीव्हीवर खरेदीची खिडकी उघडली तेव्हा. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या खेळांना, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण खेळातली शोभेची खरेदी या मनाईत बसत नाही, कारण तिच्यातून पैसे जिंकण्याची आशा नसते. तिथे पहारा घरालाच करावा लागतो. मुलाच्या हातून मोबाइल काढून घेणे हा एक मार्ग, आणि आपल्याकडे तोच चालतो. टीव्हीवर टाकून खेळ म्हणणे हा दुसरा. मला दुसरा बरा वाटतो. निदान भांडण कशावरून आहे ते दोन्ही पक्षांना दिसते.

येत्या काळात मिररिंगची गरजच उरणार नाही असे दिसते. जिओसारख्या कंपन्यांनी सेट-टॉप बॉक्सवर क्लाउड गेमिंग आणले आहे. खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो, चित्र तारेतून टीव्हीवर येते आणि मोबाइल हा नुसता कंट्रोलर होतो. म्हणजे दाबण्या-फुलवण्याचे काम संपत नाही, फक्त जागा बदलते, आणि उशिरात आता घर ते सर्व्हर हा प्रवासही मिळतो. काचेला कडा नसण्याची अडचणही तशीच. कळंब्यातली मुले तोवर जुनाच तोडगा वापरताहेत: एक जण मान खाली घालून खेळतो आणि कोचावरचे चौघे टीव्हीकडे पाहत त्याला ओरडून सांगतात, "अरं डावीकडं, डावीकडं बघ!" ते त्याला सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येते.