देवमासा कोणाचा, तलावातला मासा कोणाचा?

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. आहेत ते तलाव. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की त्यासोबत मासेही खालच्या धानाच्या बांध्यांत उतरतात. मत्स्यबीज सोडणाऱ्या संस्थेचे हे मासे, बांधीच्या मालकाचे, की जो आधी पकडेल त्याचे? हाच प्रश्न अमेरिकी कादंबरीकार हर्मन मेलव्हिल याने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत देवमाशाच्या निमित्ताने विचारला आहे. शिकारीची कथा थांबवून कायद्याची चर्चा करणारे ८९वे प्रकरण अनेक वाचक कंटाळून ओलांडतात. वस्तुतः कादंबरीचा एक महत्त्वाचा विचार तेथेच दडलेला आहे.

त्या काळी एका जहाजाने भाला मारलेला देवमासा दोर तोडून निसटे आणि दुसऱ्याच जहाजाच्या हाती लागे. त्यावरून होणारे तंटे मिटविण्यासाठी अमेरिकी शिकाऱ्यांनी दोनच नियम मानले होते, असे मेलव्हिल सांगतो. जखडलेला मासा ज्याने जखडला त्याचा. मोकळा मासा जो प्रथम पकडेल त्याचा. माणसे असलेल्या होडीशी मासा एखाद्या धाग्याने जोडलेला असला, तरी तो जखडलेला समजावा. तो ताब्यात घेण्याची क्षमता आणि इरादा स्पष्ट असेल, तर मालकीची खूण म्हणून रोवलेली काठीही पुरेशी ठरे.

नियम सोपे वाटतात. पण मेलव्हिल लगेच एक खटला मांडतो. जिवावर बेतल्याने काही शिकाऱ्यांनी भाला लागलेला मासा, दोर आणि होडीही सोडून दिली. पुढे दुसऱ्या जहाजाने तो मासा पकडला. न्यायाधीशाने होडी मूळ मालकांना परत दिली, कारण ती त्यांनी प्राण वाचविण्यासाठी सोडली होती. मासा मात्र पकडणाऱ्यांचा ठरला. इतकेच नव्हे, तर भाले आणि दोरही त्यांनाच मिळाले; कारण मासा ते घेऊन पळाला तेव्हा ती त्याचीच मालमत्ता झाली! तर्कशुद्ध भाषेत सांगितलेल्या या निकालातील उपहास लपत नाही. पुढे मेलव्हिल विधवेची अखेरची कवडी लुबाडणाऱ्या घरमालकाकडे आणि मग राष्ट्रांकडे वळतो. कोलंबसासाठी अमेरिका आणि इंग्रजांसाठी हिंदुस्थान हेही मोकळे मासेच होते, असे तो सुचवितो. एखादी वस्तू ‘मोकळी’ आहे हे ठरवितो कोण? बहुधा ती बळकावणाराच, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

भंडाऱ्याच्या तलावांना हे मर्म नेमके लागू पडते. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले, धानाला पाणी दिले. ढिवर समाज त्याच पाण्यात मासेमारी करी, शिंगाडा पिकवी. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ मध्ये मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. कागदावरील मालक बदलला. पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या ढिवरांच्या नात्याला मात्र बळकट कागद नव्हता. आता मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेऊन मासेमारी करतात. पूर्वी रूढीवर असलेला हक्क असा ठेक्यावर आला.

असाच वाद ओडिशातील चिल्का सरोवराबाबत सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जमीनदारी जाण्यापूर्वी तेथील राजाकडून तोंडी परवाने घेतलेल्या मच्छीमारांना राज्य सरकारने मनाई केली. १९५५ मधील निकालात न्यायालयाने सांगितले, की पाण्यातून मासे पकडून नेण्याचा हक्क हा जमिनीपासून मिळणारा लाभ, म्हणजेच स्थावर मालमत्ता आहे. तो तोंडी व्यवहाराने मिळत नाही. मच्छीमार हरले. पोहणाऱ्या माशावरचा हक्क ‘स्थावर’ ठरावा, हे मेलव्हिलला नक्कीच आवडले असते. योगायोग असा, की हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

या निकालाला कायद्याचे तर्कशास्त्र निश्चितच आहे. पण ज्याच्याकडे लेखी दस्त नाही, त्याचा दोर तुटलेलाच समजायचा का, हा प्रश्न उरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातील समुदायांचा जलाशयांतील माशांवरील पारंपरिक हक्क सामूहिक हक्क म्हणून मान्य केला. रूढीचा धागाही बांधून ठेवणारा असू शकतो, याची ही एक कबुलीच म्हणावी लागेल. वनक्षेत्राबाहेरील तलावांना मात्र तिचा आधार नाही. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. वाहत्या वैनगंगेचा असा जलाशय झाला, की त्यातील मासा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो.

प्रकरणाच्या शेवटी मेलव्हिल वाचकालाच विचारतो, की तूही एकाच वेळी मोकळा आणि जखडलेला मासा नाहीस काय? सांडव्यावरून बांधीत उतरलेला मासा पकडायला धावणाऱ्या पोराला या प्रश्नाची जाणीव नसेल. तलावाचा ठेका भरणाऱ्या ढिवराला मात्र तो चांगलाच ठाऊक आहे.