काढून टाकलेला फोटो अजून दिसतो कसा?

तुकोबांची पालखी काटेवाडीत आली की परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात. त्याचे फोटो मी वेबसाइटवर लावतो. नवे, स्वच्छ फोटो लावले तरी गूगलच्या चित्रशोधात बरेच दिवस जुनाच धूसर फोटो येत राहतो. रिंगण पाहू न शकलेल्या माणसापर्यंत तोच पोचतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आपण शोधतो तेव्हा गूगल वेबसाइट उघडून बघत नाही. त्याचा क्रॉलर, म्हणजे वेबसाइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम, मागे येऊन गेला तेव्हाची नोंद दाखवतं. शिवाय फोटोंकडे तो पानांपेक्षा उशिरा फिरकतो. त्यात साइटमॅपच्या फायलीत, म्हणजे वेबसाइटवरच्या पत्त्यांच्या यादीत, जुनेच पत्ते असले, तर नवे फोटो सापडायला आणखी वेळ लागतो.

क्रॉलरनं कुठं जाऊ नये हे सांगणारी रोबोट्सची फाइल त्याहून महत्त्वाची. अशी फाइल ठेवायची पद्धत १९९४ पासूनची. वेबसाइट बांधताना फोटोंच्या फोल्डरवर घातलेली बंदी तिथं तशीच राहिली, तर क्रॉलर आत शिरतच नाही. म्हणून आधी ती बंदीची ओळ काढावी. मग साइटमॅप ताजा करून नव्या फोटोला नवं नाव द्यावं, ‘आयएमजी ००१२’ नव्हे, ‘काटेवाडी मेंढ्यांचं रिंगण’ असं.