४०० ग्रॅमचा कंदील, १० किलोचं बिल!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या डोंबिवलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. हॉलमध्ये आकाशकंदील, पलंगाखाली खोके, गॅलरीत वहिनी चिकटपट्टीची बंदूक घेऊन बसलेली. रात्री अकराला ऑर्डरी मोजायच्या आणि सकाळी कुरियरवाला यायच्या आत लेबलं चिकटवायची. अशा तीन दिवाळ्या काढल्या आणि माल भिवंडीच्या एका गोदामात ठेवायला दिला. आता ऑर्डर आली की तिथलीच माणसं माल काढतात, बांधतात, पाठवतात. आपण जागेचं भाडं आणि हाताळणीचे पैसे मोजायचे. ऑनलाइन विकणाऱ्यांच्या बोलण्यात याला ‘फुलफिलमेंट’ म्हणतात. या धंद्यात शिरल्यावर काय काय भन्नाट गोष्टी कळल्या, ते सांगायलाच हवं.

हवेचंही वजन भरावं लागतं

पहिलं बिल आलं तेव्हा वहिनीने ते दोनदा वाचलं. कंदील ४०० ग्रॅमचा आणि आकारणी १० किलोची! चूक असेल म्हणून विचारायला गेलो, तर चूक आमचीच निघाली. कुरियरवाले खोक्याचं खरं वजन करतात आणि एक आकाराचं वजनही काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. दोन्हींतलं जे जास्त, त्याचे पैसे. आमचा खोका होता ४० बाय ४० बाय ३०. गुणाकार ४८,०००, भागाकार ९.६, म्हणजे १० किलो.

त्यात त्यांचंही खोटं नाही. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते. माहीमच्या कंदील गल्लीत कंदील फुलवून टांगलेले असतात, तिथे तेच शोभतं. पण ट्रकमधून फुललेला कंदील पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. वहिनीने महिनाभर खपून घडीचा कंदील काढला. कागदाच्या पाकळ्या आडव्या मिटतात, काड्या वेगळ्या, जोडायला पाच मिनिटं. नवा खोका ४० बाय ३० बाय ४. पुन्हा हिशेब केला, ०.९६. दहा किलोंचा एक किलो झाला! गोदामाचं भाडंही अनेक ठिकाणी घनफुटावर असतं, त्यामुळे बचत दोन्हीकडे. गोदाम दुसऱ्याचं असलं तरी खोका आपलाच असतो, हे त्या दिवशी पक्कं कळलं.

साबणाशेजारी शब्दकोश

मोठ्या गोदामात कपड्यांची रांग वेगळी, भांड्यांची वेगळी असेल असं वाटतं ना? कित्येक ठिकाणी तसं मुळीच नसतं. जो कप्पा रिकामा दिसेल त्यात हाताला येईल ती वस्तू ठेवायची आणि कप्प्याचा व वस्तूचा बारकोड स्कॅन करायचा. साबणाशेजारी शब्दकोश, त्याच्या पलीकडे कुकरची शिटी. कुठे काय आहे हे माणसाने लक्षात ठेवायचं नाही, ते काम संगणकाचं.

यातली खुबी मला फार आवडते. एकाच कप्प्यात दहा सारख्या दिसणाऱ्या कुर्त्या असतील तर घाईत चुकीची उचलली जाणारच. साबण आणि शब्दकोशात कोण गफलत करेल? शिवाय एकच वस्तू दहा जागी विखुरलेली असली की माल काढणाऱ्याची पायपीट वाचते.

जकातीने वसवलेलं गोदामांचं गाव

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे शाळेत शिकलो. पण आज तिथली माणकोली, दापोडे, काल्हेर ही गावं गोदामांनी भरून गेली आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग उशाशी आणि उरणचं बंदर गाठण्याजोगं, ही कारणं आहेतच. मोठं कारण मात्र जकात. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी वेशीबाहेर माल साठवायचे आणि लागेल तेवढाच आत आणायचे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढलीही. अॅमेझॉनने २०१३मध्ये भारतात दुकान मांडलं, तेव्हा त्यांचं इथलं पहिलं गोदामही भिवंडीतच होतं.

स्वतःच स्वतःला बिल

परदेशी गुंतवणुकीच्या ऑनलाइन बाजाराला आपल्याकडे स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, दुसऱ्यांचा माल मात्र साठवता आणि पोचवता येतो. म्हणून त्या अवाढव्य गोदामातला माल शेवटपर्यंत विक्रेत्याच्या मालकीचा.

आणि म्हणूनच एक चमत्कारिक काम करावं लागतं. बंगळुरूच्या गोदामात माल ठेवायचा तर कर्नाटकातही जीएसटीची नोंदणी हवी आणि ते गोदाम आपल्या धंद्याची जागा म्हणून दाखवायला हवं. मग महाराष्ट्रातून तिकडे माल हलवताना आपणच आपल्या नावाने कर लावून बिल करायचं! गिऱ्हाईक अजून कुठेच नाही आणि कर भरून झालेला. पुढे त्याची वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. नवख्या विक्रेत्यांनी दुसऱ्या राज्यात माल पाठवण्याआधी आपल्या करसल्लागाराला हे विचारावंच.

पिनकोड देणारा संस्कृत कवी

माझी ही सगळ्यात लाडकी गोष्ट. वाटेतल्या केंद्रात पार्सल ज्या सहा आकड्यांवरून वेगळं काढलं जातं, तो पिनकोड दिला मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात मोठ्या पदावर होते आणि संस्कृतात कविता, नाटकं लिहीत. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. पिंपळगाव लिहिलंत तर बसवंत की हरेश्वर? लिपी वेगळी, अक्षर किरटं, गावाचं नाव तेच. आकड्यांनी हा गुंता सोडवला. ४ने सुरू होणारा पिनकोड दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड समजावं.

आणि ही चिल्लर

पार्सलभोवती गुंडाळतात तो फुग्यांचा प्लास्टिक कागद १९५७मध्ये अमेरिकेत जन्मला, तो भिंतीला लावायचा वॉलपेपर म्हणून! तिथे कुणी विचारलं नाही. पुढे संगणक जपून पाठवायला तो कामी आला.

दुकानात बारकोड पहिल्यांदा वाजला तो २६ जून १९७४ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर. आपल्याकडच्या कित्येक वस्तूंवर ८९०ने सुरू होणारा आकडा असतो. त्याचा अर्थ ‘भारतात बनलेलं’ असा नाही, कंपनीने तो आकडा भारतात घेतला एवढाच.

विक्रेता ‘आरटीओ वाढलेत’ म्हणाला तर गाडीचे कागद शोधू नका. गिऱ्हाइकाने न घेतलेलं, उलट्या पावली परत आलेलं पार्सल म्हणजे आरटीओ.

आणि इंग्रजीतला ‘गोडाऊन’ मूळचा इंग्रजी नव्हेच! तो मलायमधल्या ‘गुदांग’वरून गेला आणि त्याचंही मूळ बहुधा तेलुगू-तमिळमधलं.

यंदा घडीच्या कंदिलांचे खोके गणपतीच्या आधीच भिवंडीला गेले. सणाच्या तोंडावर गोदामाच्या दारात ट्रकांची रांग लागते, माल आत घेऊन नोंदवायलाच दिवस जातात. हॉल मोकळा झालाय. वहिनीने कालच तिथे चकलीचा सोऱ्या काढून ठेवला.