टोकन, विसार आणि बँकेचा होकार

घर पसंत पडतं एका रविवारी. बँकेचा होकार मात्र त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी येतो, कागदपत्रं अडली तर दोन महिन्यांनी. मधल्या काळात ते घर दुसऱ्या कुणी घेऊन जाऊ नये म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो. नेमक्या याच दिवसांत एजंट, सोसायटीतले काका आणि ऑफिसात नुकतंच घर घेतलेला सहकारी असे तिघंही सल्ले देत असतात. त्यातले बरेच सल्ले ऐकायला शहाणपणाचे वाटतात, पण व्यवहार फिसकटला की त्यांचा काहीच आधार राहत नाही.

सगळ्यात लोकप्रिय समज म्हणजे “टोकन दिलं, घर आपलं झालं.”

एक्कावन्न हजार ऑनलाइन पाठवले, समोरून ‘मिळाले, अभिनंदन’ असा मेसेज आला, पेढेही वाटून झाले. कायद्याच्या नजरेत त्या घरात तुमचा अजून काहीही हक्क निर्माण झालेला नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या नुसत्या करारानेही मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही, मग मेसेजची काय कथा! उद्या मालकाला दोन लाख जास्त देणारा भेटला, तर तो टोकन परत करून मोकळा होऊ पाहील. तुम्ही त्याच्याशी भांडू शकता, पण हातातला पुरावा तुटपुंजा असेल. त्यातून फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि टोकन एकट्या नवऱ्याने घेतलं असेल, तर भांडण आणखी अवघड होतं. म्हणून रक्कम लहान असली तरी पावती सगळ्या मालकांच्या सहीची घ्यावी. तिच्यावर फ्लॅटचं पूर्ण वर्णन, ठरलेली एकूण किंमत आणि ‘या तारखेपर्यंत इतर कोणाशी व्यवहार करणार नाही’ हे वाक्य असलंच पाहिजे.

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्याची स्थिती जरा बरी असते. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बुकिंग रद्द केलं तर किती कापायचं, हेही महारेराच्या नमुना वाटपपत्रात दिलं आहे. १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर काही कापायचं नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. कर्जाचा निकाल लवकर लावून घेण्याला इथे रोख किंमत आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार होतात. बुकिंग फॉर्मवर सही करताना हे आकडे कोणी वाचत नाही, कारण तोवर सॅम्पल फ्लॅटमधल्या किचनच्या ट्रॉल्यांनी मन जिंकलेलं असतं.

यापेक्षा महागात पडणारा समज पुनर्विक्रीच्या घरांबाबत आहे. “कर्ज नाही झालं तर विसार परत मिळतोच की! त्यात आपली काय चूक?”

नाही मिळत. निदान आपोआप तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात ७० लाखांचा सौदा होता आणि ७ लाख विसार दिलेला होता. उरलेले ६३ लाख ठरलेल्या तारखेला आले नाहीत. विक्रेत्याने विसार जप्त केला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला ५० हजारच ठेवायला सांगितले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण ७ लाखांची जप्ती वैध ठरवली. कारण एवढंच, की ती रक्कम व्यवहाराची हमी म्हणून दिली होती आणि खरेदीदाराने कसूर केल्यास ती जप्त होईल, असं करारात स्वच्छ लिहिलं होतं. खरेदीदाराकडे पैसे का आले नाहीत, याला करारात जागाच नव्हती.

याच्या जोडीला याच न्यायालयाचा १९६३ चा निकाल वाचावा. तिथे खरेदीदाराने १ हजार विसार आणि नंतर २४ हजार किमतीपोटी दिले होते. न्यायालयाने विसाराचे हजार जप्त करायला मुभा दिली, पण पुढचे २४ हजार विक्रेत्याला तसेच गिळता येणार नाहीत, असं म्हटलं. म्हणजे दिलेल्या पैशाला कागदावर काय म्हटलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. दहा लाखांच्या पूर्ण रकमेपुढे ‘विसार’ लिहून देण्यापेक्षा एक लाख विसार आणि नऊ लाख ‘किमतीपोटी आगाऊ’ असं वेगवेगळं लिहून घेतलेलं बरं.

खरा उपाय मात्र कर्जाच्या अटीचा आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या छापील इसारपावतीत ही अट नसते, ती घालून घ्यावी लागते. ती साधारण अशी असते: “मिळकतीच्या कागदपत्रांतील उणिवेमुळे अथवा बँकेचे मूल्यांकन कमी आल्यामुळे खरेदीदारास दि. … पर्यंत किमान रु. ६० लाखांचे कर्ज मंजूर न झाल्यास हा करार रद्द समजण्यात येईल व विसाराची संपूर्ण रक्कम विक्रेता १५ दिवसांत परत करील.” यातल्या तीन जागा नीट पाहाव्यात: कारण, आकडा आणि तारीख. नुसतं ‘कर्ज न मिळाल्यास’ असं लिहिलं, तर बँकेने ४० लाख मंजूर केल्यावर विक्रेता म्हणेल, कर्ज तर मिळालं आहे! विक्रेत्याची बाजूही समजून घ्यावी. तो तुमच्यासाठी महिना-दोन महिने घर बाजारातून काढून ठेवतो आहे. तुमच्या जुन्या थकबाकीमुळे कर्ज नाकारलं गेलं तर थोडी रक्कम कापली जाईल, अशी तडजोड त्याने मागितली तर ती गैर नाही. मात्र ही अट अजिबात घालू न देणाऱ्या विक्रेत्याबाबत माझ्या मनात शंका येते. त्याला आपल्या कागदांचं काहीतरी माहीत असावं.

“पण माझं कर्ज प्री-अप्रूव्हड आहे!”

त्या पत्रात बँकेने तुम्हाला पसंत केलेलं असतं, घराला नव्हे. पगार, सिबिल स्कोर आणि चालू हप्ते पाहून बँक ‘इतकी रक्कम देता येईल’ असं म्हणते. मग घराची तपासणी होते. बँकेचा वकील मालकीची साखळी पाहतो आणि इंजिनिअर जागेवर येऊन मोजमाप व मूल्यांकन करतो. अडतं ते इथेच. १९९० च्या दशकातल्या फ्लॅटचा मधला एक करार हरवलेला असतो, वडिलांच्या पश्चात बहिणींचं हक्कसोडपत्र झालेलं नसतं, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसतं, किंवा टेरेस झाकून काढलेली खोली मंजूर नकाशात नसते. म्हणून मोठी रक्कम देण्याआधीच झेरॉक्सचा गठ्ठा बँकेकडे द्यावा आणि वकिलाचा अहवाल आधी मागावा. त्या फीचे काही हजार हा या काळातला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च असतो.

मूल्यांकनाचं गणित तर पुष्कळांना साफ चकवतं, कारण “बँक ८० टक्के देते” हे अर्धंच वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. हे मूल्य बँक आपल्या मूल्यांकनावरही ठरवते, फक्त तुम्ही विक्रेत्याशी ठरवलेल्या किमतीवर नाही. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा धरली जात नाही. पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट घ्या. ८० टक्के म्हणजे ६४ लाख कर्ज, १६ लाख स्वतःचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे हातात जवळपास २२ लाख हवेत, एजंटची दलाली वेगळी. आता बँकेने मूल्यांकन ७२ लाख केलं, तर कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येतं आणि स्वतःची रक्कम २८ लाख ३० हजारांवर जाते. हे सहा लाख चाळीस हजार दोन आठवड्यांत कुठून आणणार, याचं उत्तर विसार देण्याआधी तयार असावं. वरच्या अटीत आकडा घालायचा तो याचसाठी.

“नोटरी केली की पक्कं झालं” याबद्दल थोडक्यात. ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरीसमोर सह्या झाल्या, तर सह्या कोणी आणि कधी केल्या याचा पुरावा तयार होतो. त्यापलीकडे फारसं काही नाही. दुसऱ्या खरेदीदाराला तुमची नोटरी कुठेही दिसत नाही.

नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा नोंदलेला करार, मात्र दिसतं. नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू मध्ये त्याची नोंद होते, शोध घेणाऱ्या कोणालाही ते सापडतं आणि ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव नंतरच्या खरेदीदाराला उरत नाही. घर खऱ्या अर्थाने अडवून धरणारा कागद हाच. यावर लोक म्हणतात, “कर्जाचे पैसे आल्यावर साठेखत करू.” क्रम उलटा आहे. बँक आधी मंजुरीपत्र देते, मग नोंदणीकृत साठेखत मागते आणि त्यानंतर रक्कम सोडते. मंजुरी आणि रक्कम सुटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. साठेखताची योग्य वेळ यांच्या मधली: मंजुरीपत्र हातात, वकिलाचा अहवाल स्वच्छ, मूल्यांकन कळलेलं. त्याआधी घाई केली आणि व्यवहार मोडला तर मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी अर्ज, मुदती आणि अटींचा फेरा मागे लागतो.

“त्याच्या फ्लॅटवर आधीच कर्ज आहे, नकोच तो!” असं म्हणून चांगली घरं सोडणारेही आहेत. खरं तर अशा घराचे कागद एका बँकेने आधीच तपासलेले असतात. विक्रेत्याकडून बाकी रकमेचं पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यावी. तुमची बँक बाकीचा डीडी थेट त्याच्या बँकेच्या नावे काढते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विसार मात्र बाकीची रक्कम कळल्यावरच द्यावा.

“विसार रोखीत दिला तर चालतो.” स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीत आगाऊ घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय तुम्ही स्वतःचा वाटा भरलात याचा पुरावा बँकेला हवा असतो, तो खात्यातूनच निघतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापायचा, तोही शेवटी एकदम नव्हे, प्रत्येक हप्त्यातून.

प्रतीक्षेच्या दिवसांत आणखी एक खोड दिसते. “पाच बँकांत अर्ज टाकू, कुठेतरी होईल.” प्रत्येक अर्जागणिक सिबिलवर चौकशी नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी झाल्या की स्कोर घसरतो. दोन बँका पुरेत. नव्या घरासाठी हप्त्यावर सोफा, फ्रिज किंवा गाडी घेणं पैसे सुटेपर्यंत थांबवावं, कारण नवा हप्ता लागला की कर्जाची पात्रता कमी होते. नोकरी बदलायची असेल तर तेही तोवर थांबवावं.

शेवटचा समज मुदतीबद्दल आहे. साठ दिवस संपत आले, बँकेत फाइल अडली आहे, विक्रेता फोनवर म्हणतो, “अहो, आपलं ठरलंच आहे, काळजी करू नका.” माणूस बहुधा मनापासूनच बोलत असतो. पण तारीख उलटल्यावर कागद त्याच्या बाजूने बोलतो. उद्या कोर्टात करारपूर्तीचा दावा लावायची वेळ आली, तर तुम्ही ठरल्याप्रमाणे पैसे द्यायला तयार आणि समर्थ होतात, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. बँकेचं मंजुरीपत्र आणि खात्यातली शिल्लक तिथे कामाला येते, म्हणून दोन्ही जपून ठेवावीत. मुदतवाढ मात्र मुदत संपायच्या आधी, एक पानी पुरवणी करार करून घ्यावी. त्यात नवी तारीख आणि ‘मूळ करारातील इतर सर्व अटी कायम’ हे वाक्य लागतं. सही सगळ्या मालकांची हवी, दुबईला असलेल्या धाकट्या भावाचीही. तो सुट्टीवर कधी येणार आहे, हे पहिल्या भेटीतच विचारून ठेवावं.