घाटातली शर्यत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणपतीत मुंबईहून गाडी घेऊन आलेला चाकरमानी कणकवलीत उतरला की पहिली बातमी देतो ती किती तासांत पोचलो याची. आंबोलीच्या वळणांवर ओव्हरटेक करणारी पोरंही जुन्या शर्यतवीरांचे दाखले देतात. त्यांच्या काही समजुती तपासून पाहूया.

जुने वीर पहिल्यापासून वाऱ्यासारखे पळायचे, हा पहिला समज. 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत एमिल लेवासोर 1,178 किलोमीटर अंतर 48 तास 48 मिनिटांत तोडून सर्वांत आधी परतला. सरासरी वेग ताशी 24 किलोमीटरच्या आसपास. तरी पहिलं बक्षीस त्याला मिळालं नाही. ते चार आसनी गाडीसाठी होतं आणि त्याची गाडी दोन आसनी होती.

भारतातली पहिली संघटित मोटार शर्यत म्हणून सांगितली जाते ती 1904 ची, मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने भरवलेली दिल्ली ते मुंबई, सुमारे 1,300 किलोमीटरची. तिथे गाडी आपल्या रस्त्यांवर टिकते का, हेच पाहायचं होतं.

उघड्या रस्त्यावर शर्यत म्हणजे मर्दुमकी, हा समज मात्र जीवघेणा आहे. 24 मे 1903 रोजी पॅरिस–माद्रिद शर्यत व्हर्सायहून पहाटे सुटली. कच्चा रस्ता, दोन्ही कडांना गर्दी. पुढच्या गाडीची धूळ इतकी की चालक झाडांचे शेंडे पाहून वळणाचा अंदाज घेत. त्या धुळीत पुढची गाडी मागे टाकताना रेनॉ कंपनीच्या संस्थापक भावांपैकी मार्सेल खड्ड्यात गेला आणि दोन दिवसांनी वारला. प्रेक्षकही मेले. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली आणि गाड्या घोड्यांनी ओढत स्टेशनवर नेल्या. याच शर्यतीत कामिल द्यू गास्त ही बाई चांगल्या क्रमांकावर होती, पण गाडीखाली अडकलेल्या स्पर्धकासाठी ती थांबली. मला त्या दिवसाची खरी शूर तीच वाटते.

मोठ्या शर्यती पुढे बंद रस्त्यांवर गेल्या. त्याच वर्षी जुलैत आयर्लंडमधली गॉर्डन बेनेट शर्यत खास कायदा करून, रस्ता अडवून झाली.

आंबोलीचा घाट कुणी अडवलेला नाही. वळणापलीकडून एसटी येते, दुधाची गाडी येते. बाबांनो, तिथे हॉर्न द्या, गाडी हळू घ्या.