दोघांचीच सहल

मैत्रिणींनो, मुलं, सासू-सासरे, पाहुणे सगळ्यांना घेऊन आपण फिरतो. पण 'आम्ही दोघंच जाऊन येतो' म्हणताना जीभ अडखळते! त्यासाठी परदेशीच जायला हवं असं थोडंच आहे? आपल्या रत्नागिरीत दोन दिवस पुरेत. आधी १९१० मध्ये बांधलेला थिबा पॅलेस बघा. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा राणीसह इथे राहिला, १९१६ मध्ये इथेच वारला. संध्याकाळी आरे-वारेमार्गे गणपतीपुळे गाठा. दुसऱ्या दिवशी जयगड किल्ला बघून फेरीबोटीने तवसाळला उतरा. गाडीही बोटीत चढते. पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. पुळ्याचा समुद्र फसवा, खोल पाण्यात शिरू नका. पावसाळा टाळा. खर्च आधीच मांडा, मुलांना आजीकडे सोपवा. दोन दिवसांत घर काही अडत नाही!