पखवाजाची कणीक आणि पगाराची जागा

नांदेड-लातूरकडच्या गावात हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनाआधी पखवाजवाला कणीक मागवतो. ओल्या कणकेची चकती डाव्या तोंडाला थापायची, थाप मारून आवाज ऐकायचा, जास्त झाली तर खरवडायची, पुन्हा ऐकायचं. शेजारी मांडी घालून बसलेलं पोर हे टक लावून पाहत असतं. त्याचं ठेक्याचं शिक्षण तिथंच सुरू होतं. पुढं लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत त्याला तमाशाचे फड दिसतात. गावातला पेंटर दुकानाची पाटी रंगवताना आधी खडूनं रेघ मारतो आणि मग अक्षरं बसवतो, हेही ते पाहतं. खेड्यातल्या मुलांना कलेचं वातावरण मिळत नाही, हे म्हणणं म्हणून मला पटत नाही. वातावरण भरपूर आहे. अडतं पुढं, कारण कलेवर चूल पेटेल अशी जागा जवळपास नसते.

ज्यांना ती मिळाली, त्यांच्याकडे पाहू. पंडित नाथराव नेरळकर १९३५ साली नांदेडला जन्मले, अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले. पुढं औरंगाबादेत सरस्वती भुवन महाविद्यालयात त्यांनी संगीत शिकवलं, शिष्यांची पिढी घडवली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळवला. दत्ता भगत नांदेडजवळच्या वाघीचे. त्यांच्या ‘वाटा-पळवाटा’मध्ये आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकींना जाब विचारतात. हे नाटक मुंबई-पुण्याच्या चौकटीतून आलेलं नाही. ते लिहिणारा माणूस प्राध्यापकी करत होता. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून मराठवाडी बोली सातासमुद्रापार नेणारे लक्ष्मण देशपांडेही विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. तिघांच्याही पाठीशी महिन्याचा पगार होता. घर चालवण्याची विवंचना नव्हती, म्हणून रियाजाला, लेखनाला, तालमीला वेळ मिळाला.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं आणि त्यात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आलं, ही मोठीच सोय झाली. त्याआधी नाट्यशास्त्र शिकायचं तर औरंगाबाद गाठावं लागे. संगीताचं शिक्षण तुलनेनं सोपं पडतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत गावाजवळच्या केंद्रावर देता येतात. शेतीची कामं सांभाळून विशारद झालेली मुलं-मुली म्हणूनच भेटतात. चित्रकलेत मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएट शाळेतच होतात आणि नंतर रस्ता एकदम लांबतो. सरकारी कला महाविद्यालयं आहेत मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला. ज्याला हे झेपत नाही तो खासगी महाविद्यालयात फी भरतो किंवा रंगाचा डबा घेऊन पाट्या रंगवतो. ते कामही फ्लेक्सनं हिरावून घेतलं. आता शाळांच्या बोलक्या भिंती आणि निवडणुकीतल्या घोषणा, एवढाच आधार उरला आहे.

नाटकवाल्यांना राज्य नाट्य स्पर्धा असते. तालुक्याचा संघ शाळेच्या हॉलमध्ये रात्री तालीम करतो, नेपथ्य टेम्पोत घालून नांदेडचं कुसुम सभागृह गाठतो. स्त्री भूमिकेसाठी मुलगी मिळवायला दिग्दर्शकाला तिच्या घरी जाऊन वडिलांशी बोलावं लागतं, रात्री परत सोडण्याची हमी द्यावी लागते. एवढं करून प्रयोग एकच होतो. बक्षीस मिळालं तरी गावात तिकीट लावून दुसरा प्रयोग उभा राहत नाही. मग चांगला नट देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जातो आणि मालिकेत एका दिवसाचं काम मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने थांबतो. त्याला दोष देता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलते ती शाळेतल्या कलाशिक्षकाची जागा. खेड्यातल्या मुलाला ‘तुझा हात चांगला आहे, परीक्षेला बस’ असं पहिल्यांदा सांगणारा माणूस तोच असतो. कलाशिक्षक पदविका घेऊन गावाकडं परतणाऱ्याला नोकरी मिळण्याचं ठिकाणही तेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला, तोही शंभराहून जास्त पट असेल तर. वाडी-तांड्यावरच्या शाळांचा पट तेवढा भरतच नाही. आणि जिथं भरतो, तिथंही अर्धवेळ मानधनावर कोणी लातुरात खोली करून राहू शकत नाही. दहा-बारा लहान शाळांचा गट करून त्यांना मिळून एक चित्रकलेचा आणि एक संगीताचा पूर्णवेळ शिक्षक द्यावा, त्यानं वार ठरवून शाळा फिराव्यात. केंद्रशाळेची रचना तयारच आहे, नवी इमारत लागत नाही. पदवी घेऊन घरी बसलेली मुलं दोन्ही जिल्ह्यांत आहेत.